वसरामचं पिळलेलं घर

वसमतमध्ये चार मजले म्हणजे गगनचुंबीच. त्यात वसराम राठोडनं प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा फिरवून बसवला, तेव्हा आमच्या गल्लीचं डोकंच फिरलं. माझं शिलाईचं दुकान बराबर समोर. ब्लाउज कापायचे सोडून मी मान वर करून बसायचे आणि ज्याला त्याला सांगायचे, "मला तर बाई आवडलं!"

वसराम औंढ्याजवळच्या तांड्यावरचा. उमर गेली पुण्यात, उंच इमारतींच्या सेंट्रिंगच्या कामावर. असाच एक पिळदार टॉवर बांधताना त्याचं मन तिथं अडकलं ते अडकलंच. परत आला, प्लॉट घेतला आणि लागला कामाला. लोक घराला चकली म्हणू लागले. हळदीचे आडते वैजनाथराव तर रोज चहाच्या टपरीवर भाषण द्यायचे, "असले प्रयोग पुण्या-मुंबईत करावेत. वसमतला काय तकलीफ होती सरळ बांधायला?" मी दुकानातून ओरडायचे, "काहून? नवं बघायचा हक्क काय पुण्याच्याच लोकांना हाय?" वसराम नुसता हसायचा. म्हणायचा, "हसतील त्यांचे दात दिसतील, नीताताई."

एकाच माणसापुढं त्याचं हसू मावळायचं. त्याची बायको, नीलाबाई. तो परक्यांची घरं उभारत होता तेव्हा ती तांड्यावर शेत आणि लेकरं सांभाळत होती. हे घर त्यानं तिच्यासाठी बांधलं, आणि तीच येईना. एकदा आली, खालूनच बघून म्हणाली, "मला भोवळ येते. अन् दारात बसून चार बायांशी बोलायला जागा कुठं हाय ह्याच्यात? तुमीच ऱ्हावा."

वास्तुशांत अडली. वसराम एकटाच वर भाकरी थापू लागला. मला त्याची दया यायची आणि त्याहून जास्त रागच यायचा. तांड्यावर सगळं जगणं दारापुढं चालतं, अन् तांड्यावरच्याच माणसाला ओटा सुचू नये?

मग आला कुरडयांचा हंगाम. आमच्या गल्लीत सगळी पत्र्याची घरं, वाळवण घालायचं कुठं? शेजारच्या मंजुळाबाईनं वर पाहिलं. मजले फिरवल्यामुळं प्रत्येक खालच्या मजल्याचे कोपरे उघडे राहिले होते. एकावरचं ऊन सरकलं की दुसऱ्यावर हजर!

"वसरामभाऊ, घालू का कुरडया?"

"घाला की."

झालं! बघता बघता सगळ्या कोपऱ्यांवर कुरडया, पापड, शेवया पसरल्या. या मजल्यावरची त्या मजल्यावरचीला हाक मारतेय, कोणी पदरानं कावळे हाकलतंय, हसून हसून पोटं दुखतायत. वैजनाथरावांच्या घरच्याही सांडगे घेऊन आल्या. मी तर दुकानाचं शटर ओढून तिथंच मुक्काम ठोकला. इतकी मजा मला माहेरीसुद्धा आली नव्हती.

वसरामनं भोळेपणानं बायकोला फोन केला, "अगं, घर बायांनी भरून गेलंय. लई खूश हायेत सगळ्या."

दुसऱ्या दिवशी नीलाबाई एसटीतून उतरली ती तरातरा जिना चढून थेट तिसऱ्या मजल्यावर. भोवळ कुठल्या कुठं पळाली होती.

"कोणाच्या घरात बसून राहिल्या गं तुमी?"

मंजुळाबाईचे हात चिकानं भरलेले. "वसरामभाऊंच्या. तुमी कोण?"

"मालकीण!"

"अगंबाई! मग ऱ्हाता कुठं?"

नीलाबाईनं सगळीकडं नजर फिरवली. वरखालच्या कोपऱ्यांवरून साऱ्या माना तिच्याकडं वळल्या होत्या.

"इथं," ती ठसक्यात म्हणाली. "इथंच ऱ्हाते. अन् हा कोपरा माझा हाय. सरका जरा."

मंजुळाबाई सरकली. मागं जिन्यात वसराम मटकन खाली बसला आणि हसत सुटला, डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत.

"हसून काय राहिले?" नीलाबाई मांडी घालत म्हणाली. "खाली माझ्या कपड्यांचं गाठोडं ठेवलंय. घेऊन या वर."