मैनेची कास गार पडली

लोक विचारतात, हवालदारसाहेब, फौजेत किती गोळ्या झाडल्या? मी सांगतो, गोळ्या राहू द्या, मी धारा काढल्या. मग हसतात. हसू देत. माझी शेवटची पोस्टिंग फौजेच्या गुरांच्या फार्मवर होती. ऑर्डर हातात पडली तेव्हा माझाही पारा चढला होता. सीमेवरून आलेल्या माणसाला शेण काढायला पाठवतात म्हणजे काय!

तिथल्या सुभेदारसाहेबांनी पहिल्याच सकाळी माझा तोरा उतरवला. गाई ओळीत उभ्या होत्या. मी एकीचं कपाळ खाजवत होतो. साहेब म्हणाले, "मुँह मत देख, जवान. थन देख."

थन म्हणजे आपला सड. आधी हात धुवायचे, मग सड धुवून कोरडे करायचे. पहिली धार काळ्या फडक्यावर. गुठळी दिसली, रक्ताची तार दिसली, दूध पाणचट दिसलं की लगेच रिपोर्ट. मग एकेक सड बोटांत फिरवून बघायचा, चीर आहे का, चामखीळ आहे का, आत गाठ लागते का. धार पूर्ण मुठीने काढायची. अंगठा मुडपून त्याच्या हाडावर सड दाबला की तो आतून चेचतो, निबर होतो, तोंड बारीक होत जातं. धार झाली की सड औषधात बुडवायचे आणि पुढे वैरण टाकायची, म्हणजे गाय लगेच खाली बसत नाही आणि तोवर सडाचं उघडं तोंड मिटतं. यात कुणी चुकला तर साहेब सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने करायचे.

एवढं शिकून मी हिंजवडीजवळ माणला घरी आलो आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. आमची जमीन आयटी पार्कात गेली होती. मोठ्या भावाने, दादाने, खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. पण वहिनीने मागचा गोठा मोडू दिला नाही. तिथे तिची एकच संकरित गाय होती, मैना. "भाडं तुमचं, पोरं तुमची, मैना तेवढी माझी," असं वहिनी दादाला तोंडावर सांगायची.

मैनेची धार मात्र दादाच काढायचा. त्याच्याशिवाय ती कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. मला तर तिने दोनदा लाथ घातली. दादाचा हात गावात नावाजलेला. आणि तो अंगठा मुडपून पिळायचा.

मी सांगून सांगून थकलो. तो म्हणायचा, "आरं, बंदूक सोडून फौजेत ह्येच शिकलास व्हय?"

व्हायचं तेच झालं. मागचा उजवा सड कडक झाला, धार सुतासारखी यायला लागली. ड्यूटीवर निघताना मी बजावलं, "दादा, गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलव. त्यांच्याकडं सडाचं तोंड मोकळं करायचं बारीक हत्यार असतंय, निर्जंतुक केलेलं. थोडक्याचं काम हाय."

"बघतो," दादा म्हणाला.

रिलीव्हर आला नाही म्हणून मला डबल ड्यूटी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर मैना बसलेली होती. कान लोंबत होते, पुढची वैरण तशीच. मी मागे वाकून सडाला हात लावला. गार होता. सुजलेला सड गरम लागतो, तोवर आशा असते. हा गार होता आणि निळा पडला होता.

"काय केलं हिला?" मी ओरडलोच.

वहिनी म्हणाली, "काल कडुलिंबाची काडी घातली सडात. त्याल, हळद लावून. धार मोकळी झाली व्हती, भावजी. काडी घालताना तिनं जरा पाय उचलला, त्येवढंच. यांचा हात हाय म्हणून हुबी ऱ्हायली."

मला इतका संताप आला, की बोललो असतो तर भाऊ तोडून बसलो असतो. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"मॅडम, लोकेशन?"

"हिंजवडीच्या चौकात. गाडी हलत नाहीये, कंपन्या सुटल्यात."

"गाय बसलीय. मागचा उजवा सड गार. पिळला की लाल पाणी येतंय, वास मारतोय."

हॉर्नच्या गलक्यात त्यांनी विचारलं, "ते गारपण कासेवर चढलंय?"

"हो. पुढं सरकतंय."

"दुसरं काही घालू नका. पीत असेल तर पाणी पाजा. मी येते."

दादा मोटरसायकल घेऊन त्यांना आणायला पळाला. मी मैनेपाशी बसलो. फार्मवर अशा वेळी हाक मारली की डॉक्टर, सलाईन, चार माणसं हजर. इथे समोर काचेच्या इमारती, त्यांच्यापुढे गाड्यांची रांग, आणि मला सगळं कळत असून बादली धरण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. तिने पाण्याला तोंड लावलं नाही. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दर थोड्या वेळाने मला विचारत होती, "उठंल ना ओ?" मी म्हणायचो, "बघू."

डॉक्टरीणबाई दादाच्या मागे बसून आल्या. इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, सड कापून घाण काढली. हात धुताना मला हळूच म्हणाल्या, "विष अंगात भिनलंय, काका. काल बोलावलं असतं तर..." मैना उजाडायच्या आत गेली.

शेजारच्या टॉवरच्या साइटवरून सकाळी जेसीबी आणला. गोठ्यामागे खड्डा झाला, मिठाची पोती आली. वहिनीने मैनेला हळदकुंकू लावलं. जेसीबीवाला बिहारचा होता. मशीन बंद करून खाली उतरला आणि सहज विचारलं, "कैसे मरी, चाचा?"

दादा आयुष्यात कुणापुढे नमला नव्हता. तो त्या परक्या पोराकडे बघून म्हणाला, "मैंने मारा. मेरे हाथ से मरी."

पोराने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. फौजेत साथीदारांना निरोप देताना उभा राहायचो तसा मी सावधान उभा राहिलो. दादा मागे सरकून भिंतीला टेकला होता. वहिनीने खाली वाकून मूठभर माती उचलली, खड्ड्यात टाकली आणि दादाकडे वळली.

"तिकडं काय हुबं ऱ्हायलाय? या. तुमच्या हाताबिगर ती कधी गप झालीय व्हय?"

दादा पुढे आला.