भट्टीकाकांचा डावा हात

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीच्या मालकांना कुणी नावानं हाक मारत नसे. ते सगळ्यांचे भट्टीकाका. त्यांची बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना "आमचे भट्टीकाका" असंच म्हणायची. त्यात थोडं कौतुक असायचं आणि थोडी चेष्टा, कारण हा माणूस भट्टीसमोर जितका शांत, तितका घरात आल्यावर तापट. वडिलांनी लहानपणी स्टुलावर उभं करून मैदा मळायला शिकवला, तेव्हापासून काकांचे हात पिठातच होते. बेकरीत कधी रागावलेच तर ते तोंडानं बोलत नसत, कणकेचा गोळा ओट्यावर आपटत. कारागीर त्या आवाजावरून पारा किती चढलाय ते ओळखायचे आणि गुपचूप पावाचे ट्रे पुसत बसायचे.

अशा माणसाच्या घरात गहू न चालणारी नात जन्माला यावी, याला काय म्हणावं? जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती, म्हणून काकांनी हौसेनं तिला बनू म्हणायला सुरुवात केली. ताज्या बनसारखी, म्हणून बनू. मग ती चालायला लागली, पाव-बिस्किटं खायला लागली, आणि बघता बघता वाळत गेली. पोट तेवढं फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. खाल्लेलं अंगी लागेना. सतत जुलाब, सतत किरकिर. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की गव्हात जे ग्लूटेन असतं, ते या मुलीच्या आतड्याला सोसत नाही. पाव, बिस्कीट, रवा, मैदा सगळं बंद, आणि तेही जन्मभरासाठी.

काकांना आधी ते खरंच वाटेना. ज्या चिकटपणामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही आणि पाव फुगतो, त्याच्यावर त्यांनी घर बांधलं होतं, मुलाचं लग्न केलं होतं. तोच म्हणे नातीचा शत्रू. त्यांनी डॉक्टरांना विचारलं की अगदी थोडा तरी चालेल ना. डॉक्टर म्हणाले, चिमूटसुद्धा नाही, बोटाला लागलेलं पीठसुद्धा नाही. दवाखान्यातून बाहेर पडताना आजीच्या तोंडून निघून गेलं, "एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय? आम्ही नाही का पोरं वाढवली?" बिचारी घाबरून बोलली होती. पण सुनेनं ते वाक्य ऐकलं आणि मनात ठेवलं.

सून औषधांच्या दुकानात कामाला. बारीक अक्षरातलं वाचायची तिला सवयच. घरात येणारं प्रत्येक पाकीट ती उलटून बघायला लागली. अडचण जेवणाची नव्हती, भात होता, डाळ होती, अंडी होती. अडचण होती खाऊची. दोन वर्षांच्या पोरीला दुपारी झोपेतून उठलं की हातात धरून खायला काहीतरी हवं असतं, आणि बेकरीवाल्याच्या घरात तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात बिस्कीट असतंच. सुनेनं उकडलेल्या रताळ्याचे तुकडे दिले, केळ्याच्या फोडी दिल्या. बनूनं दोन दिवस खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी ताटली भिरकावून दिली.

तेव्हा काका पुढे सरसावले. खाऊ मी करणार, म्हणाले. माझ्या डाव्या हाताचं काम आहे ते.

कसलं डाव्या हाताचं! तांदळाच्या पिठानं त्यांना रडकुंडीला आणलं. आयुष्यभर ज्यांच्या हाताखाली गोळा मुकाट्यानं फिरायचा, त्यांच्या हातात हे पीठ भसाभस भुगा व्हायचं. पहिल्या वड्या भट्टीतल्या विटांसारख्या झाल्या. दुसऱ्या तव्यावरून उचलताच फुटल्या. काकांनी हार मानली नाही. पिकलेलं केळं कुस्करून घातलं, उकडलेलं रताळं घातलं, एक अंडं फोडलं, तिळाचं कूट टाकलं, आणि शेवटी तळहाताएवढ्याही नाहीत अशा गोल चकत्या जमल्या. आतून मऊ, कडेला जराशी खरपूस, साखरेचा कण नाही, आणि लहान मुठीत नीट धरता येणाऱ्या. मग त्यांना चेवच चढला. मक्याचं पीठ, दही आणि किसलेलं गाजर यांच्या बोटाएवढ्या कांड्या. उकडून वाटलेल्या हरभऱ्याच्या टिकल्या. बनूनं पहिली चकती दोन्ही हातांनी धरून संपवली तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ते उगीच बायकोवर खेकसले.

आणि पथ्य तरी किती कडक! गिरणीत गहूही दळतात, म्हणून तांदूळ घरीच मिक्सरमध्ये वाटायचे. तवा, पातेलं, चमचा सगळं नवं, वेगळ्या कपड्यात बांधून वेगळ्या फळीवर. काका बेकरीतच अंघोळ करायचे, कपडे बदलायचे, ब्रशनं नखं घासायचे आणि मगच घरी यायचे. खाऊ करताना स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही अशी त्यांची ताकीद होती. सून सगळ्यांना सांगायची की बाबांइतकं कुणी पाळत नाही.

तरीही बनूचं वजन वाढेना.

गहू बंद केल्यावर सुरुवातीला वाढलं होतं, मग थांबलं, मग उतरायला लागलं. पोट पुन्हा फुगलं. डॉक्टरांनी काटा पाहिला, नवा अहवाल पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुठून तरी गहू पोटात जातोच आहे, म्हणाले. घरात शोधा. पुढच्या आठवड्यात फरक दिसला नाही तर दाखल करून घ्यावं लागेल, नळीनं अन्न द्यावं लागेल.

तेव्हापासून घराचा जीव टांगणीला लागला. सुनेनं टॉनिकच्या बाटल्या तपासल्या, टूथपेस्ट बदलली, बनूची खेळणी धुतली. काही सापडेना. शोधण्यासारख्या वस्तू संपल्या तेव्हा ती माणसांकडे वळली, आणि दवाखान्याच्या दारातलं ते वाक्य तिला आठवलं. दिवसभर पोरगी असते कुणाकडे? आजीकडे. तिनं सासूला सरळ विचारलं नाही, पण फिरून फिरून त्याच प्रश्नावर यायला लागली. दुपारी रडली होती का? मग कशानं गप्प केलंत? आजी सांगायची की गोष्ट सांगून, खिडकीतून रस्ता दाखवून. सून मान डोलावायची, आणि ती मान डोलावणं आजीच्या जिव्हारी लागायचं. मुलगा बेकरीची गाडी घेऊन दिवसभर बाहेर. तो दोघींच्या मध्ये पडायला तयार नव्हता. शेवटी सुनेनं ठरवून टाकलं की यापुढे पोरीच्या तोंडात फक्त बाबांच्या हातचं जाईल. सकाळी चकत्या, दुपारी चकत्या, संध्याकाळी कांड्या.

खरं तर काकांनी तेव्हा बायकोची बाजू घ्यायला हवी होती. त्यांनी मूग गिळले. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्याही मनात किडा वळवळायला लागला. ही पहिल्यापासून मायाळू, पोरांचं रडणं हिला बघवत नाही. आपल्या मुलाचा खोकला चालू असताना हिनंच त्याला चोरून बर्फाचा गोळा दिला होता. मग काका अवेळी घरी यायला लागले, मागच्या दारानं, चपला हातात घेऊन. बायको नातीला मांडीवर घेऊन बसलेली दिसायची आणि ते भिंतीआडून तिचे हात बघत राहायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती अंगणात असताना त्यांनी तिची बाजाराची पिशवी चाचपली. तळाशी कागदात गुंडाळलेला अर्धा पाव निघाला. नेमकी ती आत आली. काकांनी तो पाव तिच्यासमोर धरला.

"खरं सांग. पोरीला काय देतेस?"

तिनं आधी पावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. कोपऱ्यावरच्या लंगड्या कुत्रीसाठी ती रोज तुकडा नेते, हे गल्लीतल्या पोराटोरांना माहीत होतं. ती तेही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासत बसली. दारात सून उभी होती, तिनंही सगळं पाहिलं. रात्री बनू आजीकडे झेपावली तर आजीनं हात मागे घेतले. पोरगी तिच्या गुडघ्यांना धरून रडली, तरी तिनं तिला उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनूला उलट्या झाल्या. डॉक्टरांकडे जायचं होतं त्याच्या पुढच्या दिवशी. सुनेनं रजा घेतली आणि दवाखान्यात राहावं लागलंच तर असावी म्हणून पिशवी भरायला लागली. आजी अंगणात कपडे वाळत घालत होती. पोटात काहीतरी टिकायला हवं म्हणून काका बेकरीतून लवकर आले आणि चकत्या करायला उभे राहिले.

केळं कुस्करलं, रताळं मळलं, पीठ मिसळलं. त्या दिवशी केळं जास्त पिकलेलं असावं, मिश्रण हाताला चिकटायला लागलं. काकांचं लक्ष बाहेरच्या खोलीतल्या बनूच्या कण्हण्याकडे होतं. एक गोळा उजव्या तळहातावर घेतला आणि तो थापायच्या आधी त्यांचा डावा हात बाजूला गेला.

बोटं पत्र्यावर आपटली. टक्कन आवाज झाला.

काकांनी वळून पाहिलं. ओट्याच्या डाव्या अंगाला घरच्या गव्हाच्या पिठाचा डबा होता. बायको सकाळी पोळ्यांची कणीक भिजवायची आणि संध्याकाळच्या पोळ्या होईपर्यंत डबा उघडाच ठेवायची, गेली कित्येक वर्षं. आज तिनं पीठ घट्ट फिरकीच्या झाकणाच्या डब्यात भरून तो आवळून बंद केला होता. पुन्हा कुणी बोट दाखवायला नको म्हणून.

काकांचा हात अजून झाकणावरच होता. बोटं जुळवलेली, चिमूट घेण्याच्या बेतात. बेकरीत त्यांच्या डाव्या बाजूला कोरड्या मैद्याचं घमेलं असतं. गोळा चिकटला की हात आपोआप तिकडे जातो, चिमूट घेतो, तळहातावर भुरभुरतो. हे कधी अंगवळणी पडलं तेही त्यांना आठवत नव्हतं. श्वास घेताना कुणी विचार करतं का? त्यांनी पुन्हा उजव्या हातात गोळा घेऊन पाहिला, आणि डावा हात पुन्हा निघाला. तेव्हा मात्र त्यांना कळून चुकलं. रोज. रोज प्रत्येक चकतीला. पोरगी खालावली तसा त्यांनी तिला आणखी भरवला होता तो खाऊ, दुसऱ्या कुणाच्या हातचं नको म्हणून.

बाहेर सून पिशवीची चेन ओढत होती. काका ओट्याशी उभे राहिले आणि त्यांच्या मनात एक विचार आला. आला, हे लपवण्यात अर्थ नाही. डबा आता बंद झाला होता. हात आता सांभाळता येईल. आपण काही बोललो नाही तरी बनू आपोआप सुधारेल. आणि सगळे म्हणतील की आजीला लांब ठेवलं आणि पोरगी बरी झाली.

त्या शेवटच्या विचाराशी ते अडले. पोरगी जितकी सुधारेल, तितका बायकोवरचा आळ पक्का होत जाईल. तो पुसायला मग कुणीच उरणार नाही, कारण खरं माहीत असलेला माणूस एकच.

त्यांनी दोघींना हाक मारली. सून आली, मागून ओल्या हातांनी बायको आली. मग काकांनी गोळा उजव्या हातावर घेतला आणि डाव्या हाताला मोकळं सोडलं. तो गेला, झाकणावर आपटला.

"मीच घालत होतो," ते म्हणाले. "रोज. मला कळलंच नाही."

सुनेनं पातेलं उचललं, सगळं मिश्रण कचऱ्याच्या डब्यात ओतलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. ती रडत होती, पण बऱ्याच दिवसांनी तिचे खांदे सैल पडले होते. डॉक्टरांना तिनं तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, कारण सापडलं हे फार बरं झालं, उलट्या थांबल्या तर दाखल करायची घाई नको, उद्या घेऊन या, बघू. फोन ठेवून सून सासूकडे वळली, "आई" एवढंच म्हणाली. आजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

नवऱ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही. तिनं हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, एक केळं सोललं आणि स्वच्छ ताटलीत कुस्करलं. काका काहीतरी म्हणायला पुढे झाले. ती ताटली घेऊन त्यांच्या समोरून जाताना थांबली.

"तुम्ही माझी पिशवी तपासलीत," ती हळू म्हणाली. "मी जन्मात कधी तुमचे हात तपासले नाहीत."

बाहेरच्या खोलीत तिनं बनूला मांडीवर घेतलं. पोरीनं आधी तिच्या गळ्यात हात टाकले, घट्ट, मग तोंड उघडलं. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांना या म्हणून कुणी म्हटलं नाही, आणि ते आपणहून गेलेही नाहीत.