जावयाने आधी उठवलेला ड्रायव्हर

कैस मुकादम दोहाहून कायमचा परत आला, हे गावाला मुळीच पटलं नाही. चाळिशीतला धडधाकट माणूस, तिकडे एका मोठ्या ऑफिसातली सर्व्हरची थंडगार खोली सांभाळणारा, उगाच कशाला येईल? मशिदीसमोरच्या कट्ट्यावर कुणी म्हणे, काढून टाकला. कुणी म्हणे, तिकडे दुसरं घर केलं होतं आणि ते शहरबानूला कळलं. शहरबानू म्हणजे त्याची बायको. दुसरी गोष्ट जास्त चालली, कारण तिला चव होती. खरं कारण अगदीच अळणी निघालं. त्याला घरी राहायचं होतं, इतकंच.

खाडीकाठच्या यूनुसभाईंच्या बर्फाच्या फॅक्टरीत त्याला काम मिळालं. वाळवंटात जाऊन गारठ्यात बसला आणि घरी येऊन बर्फात बसला, असं म्हणून कट्टा पोट धरून हसला. कैसही हसला. तो फारसा बोलणारा नव्हताच. शहरबानू मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायची.

फॅक्टरीतल्या काचेच्या खोलीत एकच कॉम्प्युटर होता, पण त्याच्या पोटात दोन बिऱ्हाडं नांदत होती. एकात बिलांचं काम चाले. दुसऱ्यात शीतगृह सांभाळणारा जुना प्रोग्रॅम, ज्याच्या कंपनीला कधीच टाळं लागलं होतं. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटे, आख्खं घर आपलंच. ही फसवणूक ज्याच्या जिवावर चालते त्याला हायपरवायझर म्हणतात. त्याचा एक ड्रायव्हर, म्हणजे हाताखालचा छोटा प्रोग्रॅम असतो, आणि तो कर्नलला, म्हणजे सगळ्या कारभाराच्या मुळाशी बसलेल्या मालकाला, जोडलेला असतो. शिवाय त्या कॉम्प्युटरचा बोर्ड जरा आडमुठा. शीतगृहाचं तापमान वाचणारं कार्ड ज्या खाचेत बसे, ती खाच जागी करायला त्याच बोर्डासाठी लिहिलेलं वेगळं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा आणखी एक छोटा प्रोग्रॅम लागे. ड्रायव्हर आणि मॉड्यूल दोन्ही नेमक्या त्या कर्नलच्या मापाने शिवलेली. कर्नल बदलला की दोघांचे कपडे तंग.

म्हणून कैसने कर्नल जुनाच ठेवला होता. अपडेटची सूचना रोज यायची आणि तो ती माशी हाकलावी तशी हाकलायचा.

मग यूनुसभाईंच्या मुलीचं, इनशाचं लग्न झालं, आणि जावई पहिल्यांदा सासरी आला.

जावई एजाज पनवेलचा, कॉम्प्युटरमध्ये शिकलेला, स्वभावाने गोड. नवा जावई पहिल्या भेटीला आला की आमच्याकडे त्याला नाही म्हणायचं नसतं. तो म्हणाला पंखा नको, तर घरातले सगळे घामाघूम होऊन बसतील. अशा माणसाला यूनुसभाई गुरुवारी संध्याकाळी फॅक्टरी दाखवायला घेऊन गेले. कैस तेव्हा माणगावला केबल आणायला गेला होता. जावयाने काचेच्या खोलीत पाहिलं आणि म्हणाला, "अब्बा, हे फार जुनं आहे. नवं करून देऊ?" यूनुसभाई कौतुकाने म्हणाले, "करा ना, घर तुमचंच आहे."

शुक्रवारी सकाळी कैस आला तर पडद्यावर तापमानाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. कॉम्प्रेसर हाताने चालवता येत होता, भिंतीवरचा काटा बघून माणसं चालवतही होती, त्यामुळे बर्फ काही वितळत नव्हता. वितळत होता तो कैस. कारण यूनुसभाई दारात उभं राहून म्हणाले, "बघ बाबा. आज जुम्मा, होड्या किनाऱ्याला हायत. उद्या पहाटे त्यांना बर्फ लागंल. संध्याकाळपर्यंत झालं न्हाय, तर एजाजमियाँ म्हणतात पनवेलची एक कंपनी हाय, तिच्याकडं देऊ."

कंपनीकडे द्यायचं म्हणजे कैसचं काम गेलं. दोहाचा चुलतभाऊ तर फोनवर रोजच विचारत होता, जागा रिकामी आहे, येतोस का?

कैस बसला. नवा कर्नल बसवलेला, जुना साफ पुसलेला. हायपरवायझरचा ड्रायव्हर नव्या मापाने आपोआप शिवून झाला होता. बोर्डाचं मॉड्यूल शिवायला कुणीच नव्हतं. कैसने त्याची मूळ फाइल काढली. नव्या कर्नलने एका कामाचं नाव बदललं होतं, ते दुरुस्त करून मॉड्यूल बांधलं. ते लागलंही. तरी रेघाच. खाचेत आधीच कुणी बसलंय, असं मॉड्यूल म्हणे. बसला होता हायपरवायझरचा ड्रायव्हर. खाच जागी व्हायच्या आतच त्याने कार्ड बिऱ्हाडाला देऊन टाकलं होतं, झोपलेलं. आधी मॉड्यूल, मग ड्रायव्हर, असा क्रम कैसने स्वतः घालून ठेवला होता. तो उलटा झाला कुठे? सेटिंगच्या सगळ्या नेहमीच्या जागा त्याने उलथ्यापालथ्या केल्या, काही सापडलं नाही.

ज्याने केलं त्याला विचारायचं, एवढंच राहिलं होतं. आणि तेच करता येत नव्हतं. जावयाला पहिल्या भेटीत "तुम्ही काय केलंत?" असं कोण विचारणार?

नमाजानंतर तो घरी जेवायला गेला. शहरबानूने माळ्यावरची दोहाची बॅग खाली काढून उन्हात ठेवली होती.

"ही कशाला?" कैस म्हणाला.

"वास येत व्हता. लागली तर असावी." ती वाढता वाढता म्हणाली. ड्रायव्हर खाचेच्या आधीच कसा उठतो ते कळत नाही, एवढं कैसने सांगितल्यावर ती थांबली. "अवो, विचारा की त्याला."

"जावई हाय तो."

"तुमचा न्हाय ना! तुमी न्हाय विचारायचं तर मी इनशाला विचारते. नवऱ्याला बायकोनं विचारायला कुठं मनाई हाय?"

ती ताटावर ताट झाकून निघालीसुद्धा. कैसही न जेवताच फॅक्टरीत परतला. यूनुसभाईंच्या स्वयंपाकघरात जावयासाठी सांदणं वाफवायचं चाललं होतं, तांदळाची, नारळाच्या दुधातली. तिथे तिने इनशाला बाजूला घेतलं. "पोरी, तुज्या नवऱ्याला इचार, त्या ड्रायव्हरला लवकर उठवायचं त्यानं कायतरी केलंय काय. आणि गोड बोलून इचार. तुजा चाचा तिकडं मान खाली घालून बसलाय."

इनशा आत गेली. बाहेर चार बायकांचे कान दाराला लागले. सांदणांखालचं पाणी आटलं तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

इनशा बाहेर आली ती हसू दाबत. "खाला, ते म्हणतात, केलंय. बिऱ्हाडं लवकर उठावीत म्हणून ड्रायव्हर अगदी सुरुवातीच्या गाठोड्यात टाकला. आणि ते म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"मीच येऊन दाखवतो म्हणतात. सांगायला बायका कशाला धावताहेत, विचारतात."

जावई सांदणं सोडून उठला, हे ऐकून यूनुसभाई चपला शोधत मागे धावले. एजाज लग्नातले नवे बूट घालून बर्फाच्या चिखलातून काचेच्या खोलीत शिरला. "चाचा, माफ करा," तो म्हणाला. "मला वाटलं, लवकर उठलेलं बरं."

"सगळ्यांनी न्हाय," कैस म्हणाला, आणि जागा करून दिली.

कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यांत आधी जे उघडतं, त्या गाठोड्यातून दोघांनी ड्रायव्हर बाहेर काढला. आधी बोर्डाचं मॉड्यूल, मग तो, असा क्रम पुन्हा लिहिला. मशीन बंद करून चालू केलं. एजाज नखं खात होता. कैस सवयीने भिंतीवरचा काटा बघत बसला. रेघा गेल्या, आकडा आला, आणि काट्याशी जुळला.

यूनुसभाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग त्या पनवेलवाल्यांना काय कळवू?"

"त्यांना म्हणावं, इथे माणूस आहे," एजाज म्हणाला. "आणि अब्बा, मला पुन्हा या खोलीत एकट्याला सोडू नका."

कैसने एवढंच मागितलं, की नवा कर्नल घालायचा तर जुम्म्यालाच, होड्या किनाऱ्याला असताना. बोर्डाचं मॉड्यूल आधी बांधून बघायचं, आणि नव्यावर सगळं धड चालेपर्यंत जुना पुसायचा नाही. यूनुसभाईंनी मान डोलावली. त्यांना यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण जावई डोलावत होता.

कट्ट्यावर संध्याकाळी गोष्ट पोचली, तेव्हा तिच्यात जावई रडला होता आणि कैसने त्याला कवेत घेतलं होतं. कैसने कुणाला दुरुस्त केलं नाही. तो घरी आला तर बॅग अंगणात नव्हती. माळ्यावर गेली होती, पण रिकामी नाही. शहरबानूने तिच्यात जास्तीच्या गोधड्या ठासून भरल्या होत्या, चेन लागेना तर दोरीने करकचून बांधली होती.

"आता ती लवकर निघायची न्हाय," ती म्हणाली, आणि दुपारचं झाकलेलं ताट गरम करायला आत गेली.