दाराजवळचे आबा

"आधी तुमी," असं म्हणून आबा दोन पावलं मागे सरायचे. दोन म्हणजे दोनच. उजवा हात पोटाशी, डावा समोरच्याला वाट दाखवत, मान किंचित खाली. दारात, पंगतीत, मोटारीपाशी, कुठेही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना नम्र म्हणतो आणि पुढे निघून जातो. मीही तेच केलं.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. मी इंदापूरला मिशनच्या शाळेत मास्तर होतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीचं तिथे एक लहानसं देऊळ होतं. कौलारू, चार खिडक्यांचं, आवारात दोन कडुलिंब. आबा त्या देवळाचे राखणदार. घंटा नव्हती, म्हणून एका लिंबाला आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगला होता. रविवारी आबा तो पहारेनं वाजवायचे, सतरंजी अंथरायचे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करून मागे सरायचे. बाप्तिस्म्यात मिळालेलं त्यांचं चांगलं भारदस्त नाव मंडळीच्या वहीत होतं, पण तोंडात कोणाच्या नव्हतं. मीही ते इथे लिहीत नाही. न विचारता पुढे बसवलेलं त्यांना आवडायचं नाही.

एकदा आम्ही दोघं कामासाठी बारामतीला गेलो होतो. परतताना सर्व्हिस मोटारीच्या दाराशी आबा उभे राहिले आणि "आधी तुमी, आधी तुमी" करत त्यांनी अर्धा बाजार आत चढवला. मी केव्हाच खिडकीची जागा धरली होती. ड्रायव्हरनं हँडल मारलं, मोटार सुटली, आणि मागच्या धुळीत आबा पोटाशी हात धरून उभे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चालत इंदापूरला पोचले.

"अहो आबा, एक जागा तरी धरायची!"

"जागा व्हती की, मास्तर. पन येक बाई लेकरू घिऊन आली."

त्यांच्या पायांना फोड आले होते. मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दुसऱ्या वेळी मिशनचे एक गोरे साहेब देऊळ पाहायला आले. त्यांनाही कोणीतरी मराठी शिष्टाचार शिकवून पाठवलं होतं. दारात आबा म्हणाले, "आधी तुमी." साहेब म्हणाले, "नाही, नाही, तुम्ही अगोदर." आबा दोन पावलं मागे, साहेब दोन पावलं मागे. दोघंही भर उन्हात उभे, दरवाजा मोकळा. शेवटी साहेबांबरोबर आलेल्या मडमच दोघांच्या मधून आत निघून गेल्या, तेव्हा कुठे साहेबांची सुटका झाली.

हे सगळं मला बारीकसारीक आठवतं. वाटत मात्र काही नाही. पाय बधिर झाला की माणूस चिमटा काढून पाहतो, तसा मी अधूनमधून एखादा प्रसंग आठवून पाहतो. चिमटा कळतो, दुखत नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं तुम्हांला समजेल. आमची मंडळी सगळी मूळची गावकुसाबाहेरची. पण गावकुसाबाहेरही दोन वाड्या होत्या. आमच्या वाडवडिलांकडे तराळकी, म्हणजे गावची राखण आणि निरोप पोचवण्याचं काम, होतं. आबांचे वडील दोर वळायचे. गावाच्या लेखी दोघंही सारखेच, गावच्या विहिरीवर दोघांनाही मज्जाव. तरीही आमच्या वाडीनं त्यांच्या वाडीतल्या माणसाच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, हा रिवाज. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं आमचं पुष्कळ काही धुऊन गेलं असेल, हे तेवढं राहिलं होतं. आणि त्यांच्या वाडीतले, आमच्या मंडळीत, आबा एकटेच. बायको वारलेली, मुलगी लांब सोलापूरकडे दिलेली.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं. भाकरीचा तुकडा, आणि मनुका भिजवून काढलेल्या रसाचा प्याला. मनुका माझी बायको भिजवायची. प्याला एकच, सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे. आधी पुढे बसलेले पंच, मग पुरुष, मग बायका, मग मी. शाळेची मुलं सांभाळायला मी मागे बसायचो. आणि माझ्यानंतर, सतरंजी संपते तिथे, दाराजवळ फरशीवर, आबा. प्याला त्यांच्या हातात मीच द्यायचो. बोटाला बोट लागू नये एवढं मी बघायचो. ते माझ्याहून जास्त बघायचे. उरलेला घोट पिऊन, प्याला धुऊन पालथा घालणं हे त्यांचं काम. परगावचे पाहुणे म्हणायचे, "काय हा नम्रपणा!" आणि आम्ही माना डोलवायचो.

आबा आमच्या घरी सरपण फोडून देत. बायको आजारी असताना त्यांनी दोन महिने अंगण झाडलं. पाण्याच्या भांड्याला मात्र कधी हात लावला नाही. आम्हीही लावा म्हटलं नाही.

एकदाच त्यांनी काही मागितल्यासारखं केलं. आडवार होता, देऊळ रिकामं. सतरंजी झटकता झटकता ते मधोमध, बाजाच्या पेटीपाशी, थांबले.

"हितं बसल्याव पेटी कशी आयकू येत आसंल, मास्तर?"

"बसून बघा की. कोणी नाही आत्ता."

ते हसले. "कोन न्हाय तवा बसून काय? समदी आसताना येकडाव बसावं, आसं वाटतं. पन कुनी उठता कामा नये."

हेच त्यांचं मागणं. ते मी ऐकलं आणि शाळेत निघून गेलो.

आमच्या पंचांत थोरले होते जवळच्या वरकुटे गावचे दाजी. भजनात त्यांचा आवाज लागला की कौलं हलतील असं वाटायचं. माणूस कष्टाळू, पण रिवाजाला कडक. एका वर्षी दाजी मजुरीला कळंबकडे गेले होते. घरी म्हातारी आई एकटी, आणि तिला ताप भरला. आबा काही निरोप घेऊन वरकुट्याला गेले होते, ते तिथेच राहिले. तिसऱ्या दिवशी मी तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या घेऊन गेलो. दारातून पाहतो तर आबांनी म्हातारीचं डोकं हातावर घेतलंय आणि दुसऱ्या हातानं तिच्या तोंडात थोडंथोडं पाणी सोडताहेत. मला पाहून ते एवढे दचकले की पाणी सांडलं.

बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, कुटं बोलू नगा. तापात मानसाला कळत न्हाय. मागनं म्हातारीला तरास व्हईल."

मी बोललो नाही. ज्यात आपलं काही जात नाही अशी गुपितं राखण्यात मी पटाईत आहे. म्हातारी बरी झाली, दाजी परत आले, आणि प्याला पहिल्यासारखा पुढून मागे फिरत राहिला.

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, पुण्याकडे शिकलेले, डोळ्यांत तेज. दोन प्रभुभोजनं त्यांनी निमूट पाहिली. तिसऱ्याच्या आदल्या रविवारी उपदेशाच्या शेवटी म्हणाले, "पुढच्या वेळी प्याला दारापासून सुरू होईल. पहिल्यांदा आबा घेतील."

आबांनी मान इतकी खाली घातली की मला फक्त त्यांचा फेटा दिसत होता.

बाहेर लिंबाखाली दाजी म्हणाले, "साहेब, आमी येनार, भजनबी म्हननार. पन प्याला आमचा येगळा द्या. न्हायतर वरकुट्याची मानसं वरकुट्यातच बसत्याल."

"एकच प्रभू आणि दोन प्याले?" पाळकसाहेब म्हणाले. "तसं होणार नाही, दाजी."

त्यांचं बरोबर होतं. त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं: दाजी, तुमच्या आईला विचारा. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि मुलांना ओळीत उभं केलं.

शनिवारी आबा शाळेत आले. पायरीच्या खालीच उभे राहिले.

"मास्तर, पाळकसाहेबास्नी जरा समजावा."

"काय समजावू? ते तुमच्यासाठीच करताहेत."

"व्हय, मानूस लई चांगला हाय. पन म्या आधी पिलो की तिकडली निम्मी उठत्याल. पयल्यांदा परतेक घर आपापली घोंगडी आनून येगळं बसायचं. येका सतरंजीव यायला किती वर्सं लागली, तुमी बघितलंय. माझ्यापायी ती फाटाया नगं."

"मग तुमचं ते मध्ये बसायचं?"

"बसू की कवातरी," आबा म्हणाले. "घाई काय हाय?"

मी पाळकसाहेबांकडे गेलो नाही. मधे कशाला पडा, असं वाटलं. खरं तर प्याला दारापासून सुरू झाला, तर आबांनंतर लगेच माझी पाळी होती. हे मी आज पहिल्यांदाच कागदावर उतरवतोय.

रविवारी रूळ वेळेवर वाजला. सतरंजी स्वच्छ झटकलेली. वरकुट्याची माणसं आली होती, पण टाचांवर बसली होती, उठायच्या बेतानं. पाळकसाहेब प्याला घेऊन दारापर्यंत चालत आले. दाराजवळची फरशी रिकामी होती.

ते जरा थांबले. प्याला हातात, समोर कोणी नाही. मग परत पुढे गेले आणि दाजींपासून सुरुवात केली. वरकुट्याची माणसं नीट मांडी घालून बसली. त्या दिवशी आबांना प्रभुभोजन मिळालं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

उपासना सुटल्यावर आबा लिंबाखाली उभे दिसले. पाळकसाहेबांना राग आवरला नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "कुठे होता तुम्ही? प्रभूच्या मेजापेक्षा मोठं काय काम होतं?"

"गुरं शिरली व्हती आवारात, साहेब. चुकलं."

आवारात एक शेळीसुद्धा आली नव्हती. हे मला माहीत होतं, दाजींनाही माहीत होतं. आम्ही दोघांनी ते बोलणं उभं राहून ऐकून घेतलं. आबांनी मान खाली घातली आणि पाळकसाहेबांना जायला वाट करून दिली.

त्याच उन्हाळ्यात आबा आजारी पडले. देवळामागं त्यांची खोली होती. दुपारी मी भेटायला निघालो तेव्हा बायकोनं तांब्या भरून दिला, वर फुलपात्र घातलं. त्यांच्या मडक्यातलं पाणी शिळं असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

आबांचे ओठ कोरडे पडले होते. "पानी," ते म्हणाले. मी फुलपात्र भरून पुढे केलं. त्यांनी हात उचलला, आणि मग त्यांची नजर तांब्यावर गेली. आमचा तांब्या ते ओळखत होते. हात तसाच वळवून त्यांनी फुलपात्र माझ्याकडे सारलं.

"आधी तुमी. उनातनं आलाय."

मला तहान नव्हती. घरून पाणी पिऊनच निघालो होतो. "नाही आबा, आधी तुम्ही," एवढे चारच शब्द म्हणायचे होते. मी फुलपात्राला तोंड लावलं आणि प्यालो. मग त्यांना दिलं. ते डोळे मिटून सावकाश प्याले.

निघताना तांब्या आणि फुलपात्र तिथेच ठेवलं. आबांना पुन्हा तहान लागेल म्हणून, असं बायकोला सांगितलं. तिनं मान हलवली. ती भांडी आम्ही परत आणणार नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चार दिवसांनी आबा गेले. मला रडू आलं नाही. रडू यायला हवं, एवढं कळत होतं.

दफनाला वरकुट्याहून दाजींची आई काठी टेकत आली. खड्ड्याच्या कडेला उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्या ह्येच्या हातचं पानी पिल्याली हाय. ताप व्हता, पन मला समदं कळत व्हतं. म्याच मागितलं व्हतं." दाजी खोऱ्यानं माती लोटत राहिले. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि जिथे त्यांनी आबांना बोल लावला होता, त्या आवारातल्या लिंबाकडे ते बघत राहिले.

खोली आवरायला मीच गेलो. उशाशी पत्र्याचा जुना पेला होता, तळाला पाणी असलेला. आमचा तांब्या आणि फुलपात्र कोनाड्यात होतं. राखेनं लख्ख घासलेलं, धुतलेल्या फडक्यात बांधलेलं. त्या एका वेळेनंतर त्यांनी ते वापरलं नव्हतं. अंगात ताप असताना उठून ते कधी घासलं असेल, मला सांगता येणार नाही. ते गाठोडं मी घरी आणलं. बायकोनं ते सोडलं नाही, आहे तसं फळीवर ठेवलं.

पुढच्या प्रभुभोजनाला रूळ दुसऱ्याच कोणी वाजवला. सगळे आले, वरकुट्याचेही. पाळकसाहेब दाराकडे आले नाहीत; त्यांनी पुढूनच सुरुवात केली. पंच झाले, पुरुष झाले, बायका झाल्या. प्याला माझ्याकडे आला. मी प्यालो आणि सवयीनं उजवीकडे वळून, बोट लागणार नाही असा काठाला धरून, प्याला पुढे केला.

तिथे फरशी होती. दारातून ऊन आत आलं होतं. प्याल्यात एक घोट उरला होता, दर खेपेला उरायचा तेवढाच. सगळ्यांनी न ठरवता आबांपुरता ठेवला होता. माझा हात पुढेच होता, आणि प्याला फिरताना चाललेलं भजन संपलं तरी तो मला मागे घेता येईना.