साठ नक्ष्यांची फाइल

स्वेटरच्या कारखान्यात तिला सगळे नक्षीबाई म्हणायचे. तीस वर्षं तिनं एकच काम केलं. चौकटीच्या कागदावर फुलं, पानं, नागमोडी रेघा भरायच्या आणि विणकामाच्या यंत्राला समजतील अशा करून द्यायच्या. शेवटची आठ वर्षं जोडीला एक संगणक आला होता. हिरव्या अक्षरांचा, चालू होईपर्यंत चहा निवायचा. नक्षीबाईच्या साठ नक्ष्या त्याच्या एका फाइलमध्ये होत्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गुडघे आधीच निवृत्त झाले होते.

एका सोमवारी ती फाइल साठवत असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा फाइल उघडेना. जपून ठेवलेली नकलेची फ्लॉपी काढली, तर तिला बुरशी. नक्ष्यांचा प्रोग्राम बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता.

"बाई, हंगाम तोंडावर आलाय," मालक म्हणाले. "बघा काहीतरी."

बघा म्हणायला काय जातं!

संगणक दुरुस्त करणारा आला, अर्धा तास खुडबुड करून म्हणाला, "फाइल जागेवर आहे. पण नक्ष्या किती, ते सुरुवातीला लिहिलेलं असतं, तिथं कचरा झालाय. मध्येही थोडा. फाइलच्या पोटात हात घालून आकडे बदलावे लागतील. त्याला बायनरी फाइलचा एडिटर लागतो, आतले आकडे उघडून दाखवणारा प्रोग्राम."

"मग द्या की."

"चांगला माझ्याकडे नाही. शोधा. आणि मूळ फाइलला हात लावू नका हं, नकलेवरच काय ते करा."

या एका वाक्यासाठी नक्षीबाईनं त्याला पुढे कित्येकदा दुवा दिला. कारण पहिला एडिटर, मासिकाबरोबर आलेल्या फ्लॉपीवरचा, पत्रं लिहायच्या कामाचा निघाला. पत्रांच्या फाइलीत सव्वीस हा आकडा शेवटची खूण असतो; तो दिसला की त्याला वाटायचं, फाइल संपली. त्यानं नकलेची सुरुवात तेवढी ठेवली आणि बाकीची गिळून ढेकरही दिला नाही. दुसरा रंगीबेरंगी होता, पण अख्खी फाइल एकदम उचलायला बघायचा आणि निम्म्यातच धापा टाकून बंद पडायचा. तिसरा सगळ्यांत घातकी. कळ दाबली की थेट डिस्कवर लिहायचा, ना विचारणं ना परत फिरणं. नक्षीबाई चष्मा पुसायला वळली, कोपर कळांवर टेकलं, आणि चार नक्ष्यांचा चिवडा झाला. नकलेतच, पण ती खुर्चीत बसून राहिली. रडूसुद्धा येईना, इतका कंटाळा आला होता.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना. तुझी फाइल आहे का ती? मालकाची आहे."

"फाइल मालकाची. नक्ष्या माझ्या."

नवऱ्यानं भाजी चिरायला घेतली.

शेवटी संगणक वापरणाऱ्यांच्या एका मंडळाला तिनं पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकचं उत्तर आलं: या, दाखवतो. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून ती गेली. तीन जिने. प्रत्येक वळणावर थांबून तिनं मनातल्या मनात मालकाचा उद्धार केला.

मेकॅनिकच्या खोलीत उघड्या रेडिओंच्या राशी होत्या. त्यानं एका खुर्चीवरचे दोन रेडिओ खाली ठेवले. "बसा. मलाही तुमच्यासारखाच शोधून वीट आला. मग स्वतःच लिहिला."

नक्षीबाईनं आणलेली नकलेची फ्लॉपी त्यानं आपल्या संगणकात घातली. काळा पडदा. डावीकडे आकडे, उजवीकडे अक्षरं. हा एडिटर एका वेळी फाइलचं एकच पान उचलायचा, त्यामुळे फाइल कितीही मोठी चालायची. बदललेला आकडा ठळक दिसायचा, आणि साठवण्याआधी विचारायचा: खरंच?

"दिसायला काही नाही," मेकॅनिक ओशाळून म्हणाला. "पण न सांगता काही करत नाही."

"असे माणसांतही कमीच," नक्षीबाई म्हणाली.

त्यानंच तिला आकड्यांची मेख सांगितली. रंगीत टाका म्हणजे एक, पांढरा म्हणजे शून्य. चार टाक्यांना मिळून एक खूण, शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ. नक्षीबाई पडद्याकडे बघत राहिली. मग बोट टेकवून म्हणाली, "अहो, हे माझं पान आहे. हा देठ."

एडिटरची फ्लॉपी घेऊन ती परतली, आणि पुढचे तीन आठवडे रोज दुपारी कारखान्यातल्या संगणकापाशी बसली. सुरुवातीचा कचरा काढून तिथं साठ घातले, तशी फाइल मुकाट उघडली. पण मधल्या सात नक्ष्यांच्या जागी एकच आकडा ओळीनं पसरला होता. तीन नक्ष्यांचे कागद तिला कपाटात सापडले. चौथी नवऱ्याच्या जुन्या स्वेटरवर होती. त्याला खिडकीजवळ उभं करून तिनं पाठीवरचे टाके मोजून घेतले.

"हलू नका हो, रांग चुकते."

"अगं, शिंक येतेय!"

उरलेल्या तीन कुठंच मिळाल्या नाहीत. तिनं त्यांच्या जागी शून्यं भरली. यंत्रावर ते तुकडे कोरे पांढरे निघाले.

मालक खूश झाले. नक्ष्यांची यादी वाचून कोऱ्या तीनांवर बोट ठेवत म्हणाले, "ह्या तीन पुन्हा काढता येतील का हो?"

"येतील," नक्षीबाई चष्मा काढत म्हणाली. "पण मी नाही काढणार. गेल्या त्या गेल्या."

मालकांनी यादीतल्या त्या तीन ओळींवर काट मारली.

त्याच आठवड्यात तिनं मेकॅनिकला आभाराचं पत्र लिहिलं. काम झालं, फक्त शेवटच्या पानावर शोध घेताना एडिटर एक ओळ चुकतो, तेवढं बघा. पोस्टकार्डावर उत्तर आलं: "ठाऊक आहे. दोन वर्षं बघतोच आहे. डोळे साथ देत नाहीत. तुम्ही एक ओळ आधीपासून शोधत जा."

पुढं फाइलमध्ये काही शोधायचं झालं, की नक्षीबाई तसंच करू लागली.