काचेपलीकडचं माप

टेलरकाकूंना टेप लागायचीच नाही. आखातात, अल् घुब्रातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्या राहायच्या आणि निम्म्या शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या. मूल दारात उभं राहिलं की एकदा न्याहाळून म्हणायच्या, "खलास. मंगळवारी ने." मी एकदा हट्टानं लेकीला टेप लावून पाहिली. काकूंचंच बरोबर निघालं आणि चहाबरोबर टोमणेही मिळाले.

"वाढतं अंग आहे गं, उद्या आखूड होईल," म्हणत त्या प्रत्येक पँटच्या पायाशी जास्तीचं कापड दुमडून ठेवायच्या. आईबाप विसरायचे, काकू नाही.

त्यांचा रोहन सोळाव्या वर्षी पकडला गेला. ओळखीच्या एका मोठ्या मुलानं दिलेलं पाकीट त्यानं पोचवलं होतं. आत नशेच्या गोळ्या होत्या आणि ते त्याला माहीत होतं. काकूंनी हे कधी लपवलं नाही. वयामुळे शिक्षा थोडी कमी झाली, पण कायद्यानं ठरवलेल्या किमान मुदतीखाली जायला न्यायाधीशांनाही वाव नव्हता. तीन वर्षं.

"चूक केलीय, शिक्षा द्या ना," काकू म्हणाल्या. "पण सगळ्या पोरांना एकच माप? असं कुणी शिवतं का गं?" मला त्या कायद्याचा राग आला, अजून येतो.

काका दूर सोहारच्या कारखान्यात, म्हणून तुरुंगात भेटीला काकूंना मी घेऊन जायचे. भेट काचेआडून, फोनवर. रोहन आधीच खुर्चीत बसवलेला असे आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत तिथेच. "मम्मी, डोन्ट क्राय ना, मी ठीक आहे," म्हणे. काकू रडत नसत, त्याचे खांदे बघत असत. परतताना म्हणत, "भरलाय. बापावर गेलाय."

सुटकेच्या दिवशी त्याला थेट भारताच्या विमानात बसवणार होते. तारीख ऐनवेळी कळली. काकूंना त्या विमानात जागा मिळाली नाही. त्यांनी घाईनं शर्ट-पँट शिवून आत पोचवली आणि आम्ही विमानतळ गाठला.

दोन पोलिसांच्या मधून रोहन लांबून चालत गेला. शर्ट खांद्यावर अगदी चपखल. पँट मात्र घोट्याच्या कितीतरी वर.

"आत कापड ठेवलंय रे बाळा, उसवून घे!" काकू ओरडल्या. तो वळला, हसला आणि दार बंद झालं.

मी त्यांचा हात धरला. "तीन वर्षं बसलेलाच बघितला गं," त्या म्हणाल्या. "उभा कधी बघायलाच मिळाला नाही."