मुलाखतीच्या खाला

खालांची मुलाखत घ्यायला जो जाई, त्याची मुलाखत आधी होई. समाजकार्याच्या आमच्या विद्यार्थिनी गळ्यात ओळखपत्र आणि हातात प्रश्नावली घेऊन खाडीकाठच्या त्यांच्या गावात एसटीतून उतरत, खालांच्या पडवीत जाऊन बसत, आणि उठत तेव्हा वडलांची नोकरी, आईचे गुडघे, स्वतःचं जमता जमता फिसकटलेलं लग्न असं सगळं सांगून मोकळ्या झालेल्या असत. "मॅडम, आमचे प्रश्न राहिलेच हो," म्हणत त्या रत्नागिरीला परत येत. मी कॉलेजची ग्रंथपाल. कुणाचं काही राहिलं की माझ्या टेबलापाशी येऊन रडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत.

सगळे खालांकडेच का जात, याचं कारण साधं होतं. नवरे आखातात आणि बायका गावात, असा ज्याचा विषय असे त्याला कुणीतरी त्यांचंच घर दाखवी. खाला बोलक्या, घर रस्त्यालगत, आणि तव्यावरचे घावणे कायम गरम. संमतीचा मजकूर तर त्यांना तोंडपाठ होता. मुलगी कागद उलगडायच्या आत त्याच सुरू करत, "नाव गुप्त राहणार, मधीच उठता येणार, कसली जबरदस्ती नाय. खातेस ना?" म्हणून मीही त्यांचं नाव इथे सांगत नाही; खाला, म्हणजे मावशी, एवढंच पुरे. इतक्या जणांनी ते गुप्त ठेवायचा शब्द दिलेला आहे, तो मी कशाला मोडू?

मुलाखत रंगात आली की त्या फोनकडे बोट दाखवून म्हणत, "तो मशीन बंद कर. आता खरं सांगते." मुली निमूटपणे रेकॉर्डिंग बंद करत आणि मग दुपारभर पोट धरून हसत. आमचे मार्गदर्शक सर डोक्याला हात लावत. नोंदवता येईल ते सगळं शिळं आणि ताजं ते सगळं हवेत विरलेलं, असा तो प्रकार होता.

या खाला एका बाजाराच्या दिवशी स्वतःच लायब्ररीत येऊन उभ्या राहिल्या. अंगावर बुरखा, हातात कोथिंबिरीच्या काड्या बाहेर आलेली पिशवी, आणि दारातल्या रजिस्टरवर सही करायला साफ नकार. "मी वाचायला नाय आले," त्या शिपायाला म्हणाल्या, "मी शोधायला आले." मग माझ्यासमोर बसून त्यांनी विचारलं, "पोरी सांगतात, जगात जे काय लिवलंय ते तुझ्या कम्प्युटरात दिसतं. खरं काय?"

"सगळं नाही, पण बरंच."

"मग बघ, त्यात आमची सुमन हाय काय."

सुमन म्हणजे त्यांची मैत्रीण. मोहल्ल्यातलं शेवटचं घर खालांचं, बौद्धवाडीतलं पहिलं घर सुमनचं, आणि मध्ये एक पऱ्या, पावसाळ्यात भरणारा आणि उन्हाळ्यात नुसते दगड राहणारा. खालांचा नवरा कुवेतला, सुमनचा मुंबईला गोदीत. दोघींनी त्या पऱ्यावर कपडे धुतले, एकमेकींच्या पोरांना वाढवलं, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढली. त्याआधीच्या गणपतीनंतर सुमन तापाचं निमित्त होऊन गेली. "फोटो हाय," खाला म्हणाल्या. "पण फोटोत ती गप हाय. आणि गप तर ती नेमीच असायची."

मशीन दिसलं की सुमनची वाचा बसायची. खाला एवढ्या बोलायच्या, ही शेजारी बसून नुसत्या शेंगा निवडायची. फक्त एकदा, पुण्याकडची एक उंच मुलगी आली होती, बिनसाखरेचा चहा पिणारी, तिनं काहीतरी विचारलं आणि मशीन चालू असताना सुमन बोलली. "काय बोलली?" मी विचारलं. खालांचा चेहरा पडला. "तेच आठवत नाय गो. आमी हसून हसून मेलो, ती पोरगी पण हसली, एवढं आठवतं. शब्द गेले. रोज आठवून बघते. तुझ्या कम्प्युटरात असतील तर मला दे."

आता ग्रंथपालाकडे लोक हजार गोष्टी मागायला येतात, पण मेलेल्या मैत्रिणीचं एक वाक्य मागायला तोवर कुणी आलं नव्हतं. ना संशोधिकेचं नाव, ना वर्ष. वर्षासाठी काय तर "सुमनच्या थोरल्याच्या लग्नाच्या आधी". मी मनात म्हटलं, बाई, आपलं आज काही खरं नाही. पण खुर्ची ओढून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

'कोकण' टाकल्यावर आंबा, जांभा दगड आणि मासळी यांवरचे लेख धो धो आले. 'आखात' जोडलं तर सगळं केरळचं. मग मी विद्यार्थ्यांना जे शिकवते ते त्यांना सांगितलं. आपण एखाद्या गोष्टीला काय म्हणतो ते टाकून भागत नाही, लिहिणारे तिला काय म्हणतात ते टाकावं लागतं. तुमच्यासारख्या बायकांना संशोधक 'लेफ्ट बिहाइंड' म्हणतात, म्हणजे मागे राहिलेल्या. खाला ताठ झाल्या. "मागं कोण राहिली? आमी होतो तिथंच होतो. गेले ते!" वाचनकक्षातल्या पोरांनी माना वर केल्या. शेवटी मी त्यांची समजूत घालून तोच शब्द टाकला, पण टाकताना मला पहिल्यांदाच लाज वाटली.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी आमची बैठक जमू लागली. मी एकेका लेखाचा सारांश मराठीत सांगायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. ही आपली गोष्ट नव्हे हे कळलं तरी पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. केरळातल्या कुठल्याशा बाईनं सांगितलं होतं की नवरा सुटीवर आला की घर आपलं वाटेनासं होतं. खाला म्हणाल्या, "हिला कळव, माझं पण असंच होतं." मी म्हटलं, तिचं नाव गुप्त आहे. "मंग नाव नको घालू. नुसतं कळव."

पहिल्याच दिवशी, पान उघडायला वेळ लागत होता तेव्हा, त्यांनी माझीही प्रश्नावली भरून घेतली होती. "घरात माणसं किती?" आई होती, ती नुकतीच गेली, असं मी सांगितलं. "म्हणजे एक," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेपासून पिशवीत माझा डबा येऊ लागला. मग "उठ, बाजारात चल," सुरू झालं. मी मासे खात नाही हे शंभरदा सांगूनही मला बांगडे पारखायला नेत. रविवारी सकाळी फोन. "काय करतेस? बसलीस? ये." मग मी चिडचिड करत एसटी पकडायची आणि दिवसभर त्यांच्या अंगणात आमसुलं वाळत घालायची. माझी रविवारची झोप त्यांनी कायमची बुडवली, आणि मी त्याबद्दल त्यांना पुष्कळ बोलून घेतलं.

सुमनचा लेख सापडला तो अगदी अचानक. 'एकाकीपणा' आणि 'शेजार' असे दोन शब्द एकत्र टाकले तेव्हा सारांशात दिसलं की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका गावात दोन समाजांतल्या शेजारणींशी एकत्र बसवून बोललेलं होतं. पण पूर्ण लेख आमच्या वर्गणीत बसत नव्हता, कुलूप होतं. मी पुण्यातल्या एका ग्रंथपाल मैत्रिणीला विनंती पाठवली. तिचं उत्तर येईपर्यंत खाला रोज फोन करत आणि "आली काय ती?" असं विचारत. लेख आला काय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

लेख आला त्या दिवशी बाजार नव्हता, तरी त्या आल्या. मी आधी वाचून ठेवला नव्हता. एकटीनं वाचायचा धीर झाला नाही, म्हणून त्यांच्यासमोरच वाचायला घेतला. खालांची लांबलचक उत्तरं पुढच्या पानावरही चालू होती. ती ऐकून त्या नुसतं "हं, पुढं" म्हणत होत्या. मग संशोधिकेनं विचारलेला प्रश्न आला, नवरा इतकी वर्षं लांब, एकटं वाटत नाही का? आणि खाली लिहिलं होतं की इतका वेळ गप्प असलेली दुसरी सहभागी इथे बोलली. मी इंग्रजी वाक्याचं जमेल तसं मराठी केलं. "एकाकीपणा जाणवण्यासाठी स्वस्थ बसावं लागतं. माझी शेजारीण मला तशी संधी देत नाही."

खालांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, चुकीचा लेख. मग त्यांनी मान हलवली. "शेजारीण? शेजारीण नाय बोलली ती मला." त्यांनी मांडीवर हात ठेवले, शेंगा निवडल्यागत बोटं हलवली, आणि त्यांच्या तोंडून त्यांचा नसलेला, सावकाश, खालच्या पट्टीतला आवाज आला. "एकटं वाटायला जरा बसायला लागतं गो बाय. ही बया बसू देते कुठं?"

आणि त्या हसायला लागल्या. तोंडावर बुरख्याची कड धरून, खुर्ची हलेपर्यंत हसल्या, आणि हसता हसताच रडल्या. मीही रडले. शिपाई पाणी घेऊन आला, तो तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आता इंग्रजीत वाच. किती लांब नेलंन त्या पोरीनं तिला, बघू दे." मी वाचलं. न कळणारं ते वाक्य त्यांनी मान डोलवत दोनदा ऐकलं. खाली संशोधिकेनं त्याला 'अनौपचारिक आधारव्यवस्था' असं म्हटलं होतं. "ते काय?" मी म्हटलं, "ते तुम्ही, खाला." तेव्हापासून मुली आल्या की त्या स्वतःची ओळख तशीच करून देत, शब्द अर्धा गिळून.

मला मात्र त्या संध्याकाळी घरी जाताना एक गोष्ट लख्ख दिसली. आई गेल्यानंतरचे ते महिने माझे एकटीनं बसून राहण्याचे होते, आणि मला कुणी बसू दिलं नव्हतं.

पुढे खालांचे गुडघे अगदीच चालेनात, तेव्हा मुलगा त्यांना मुंब्र्याला घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी त्या लायब्ररीत आल्या. लेखाचं ते एक पान मी छापून दिलं होतं, ते पिशवीत होतंच. जिना उतरताना माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "आता मी जाते. मागं राहिलीस तू." मी म्हटलं, "मी आहे तिथंच आहे, खाला. जाताय तुम्ही." त्यांनी माझ्या गालावर चापट मारली आणि रिक्षात बसल्या.

मुंब्र्याहूनही रविवारचा फोन यायचा. गेल्या वर्षी एका रविवारी तो त्यांच्या मुलानं केला, आणि त्याच्या पहिल्या शब्दालाच मला कळलं.

आता मुलाखतीला निघालेल्या प्रत्येक मुलीला मी सांगते, माणूस बोलला ते त्याच्याच भाषेत लिहून आण, आणि छापून आलं की त्याला जाऊन वाचून दाखव. काही ऐकतात, काही मान हलवून जातात. बाजाराच्या दिवशी दुपारी लायब्ररी रिकामी असते. शेजारची खुर्ची मी अजून जागेवरून हलवलेली नाही. फोन वाजत नाही, डबा येत नाही, बांगडे पारखायला चल असं कुणी म्हणत नाही. खाला, आता मला बसायला भरपूर वेळ मिळतो.